कडाडली की गडगडली?

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. विजांचा? कडकडाट. ढगांचा? गडगडाट. पानांची? सळसळ. बांगड्यांचा? किणकिणाट. ध्वनिदर्शक शब्दांचा हा तक्ता पाढ्यांसारखा डोक्यात बसलेला असतो. तिसरी-चौथीत तो फळ्यावरून वहीत उतरवून घेतात, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला त्यावर प्रश्न येतो, आणि पुढे वीस-बावीस वर्षांची मुलं भरतीच्या परीक्षांसाठी तोच तक्ता मार्गदर्शकातून पुन्हा घोकतात. एका नावासमोर एक आवाज, चारांतला एक पर्याय, एक गुण.

हा तक्ता शाळेतून आणि परीक्षेतून काढून टाकावा असं मला मनापासून वाटतं. शब्द राहू द्यावेत, वाढवावेत; तक्ता जावा. या शब्दांनी मराठी माणूस जग मोजत आला आहे, आणि तक्त्याने त्यांतलं मोजमाप काढून घेऊन नुसत्या जोड्या मागे ठेवल्या आहेत.

वीज आणि ढग यांच्यापासूनच सुरुवात करते. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी वळवाच्या दिवसांत दुपार कलली की आभाळ भरून यायचं. आम्ही भावंडं आबांबरोबर शेतात असायचो. लांब कुठेतरी आवाज झाला की आबा मान वर न करता म्हणायचे, "गडगडाया लागलं. आवरा." मग कडबा झाकायचा, बैल सोडायचे, पाण्याची घागर रिकामी करायची. आणि मध्येच डोक्यावर आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला की आबांचा सूरच बदलायचा: "कडाडली! टाका तसंच, पळा घराकडं."

दोन्ही वेळा आवाज विजेचाच. ढग काही एकमेकांवर आपटत नाहीत. वीज ज्या वाटेने जाते तिथली हवा क्षणात सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त तापते, फुगते, आणि त्या फुगण्याचा धक्का आपल्या कानावर येतो. जवळ असलो तर तो कोरडा, तीक्ष्ण, तडा गेल्यासारखा येतो: कड्, कडाड्. लांब असलो तर त्यातले टोकदार सूर वाटेत हवेतच विरतात, विजेच्या काही किलोमीटर लांब वाटेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरून निघालेला आवाज मागेपुढे पोचतो, आणि उरतं ते लोळत येणारं गडगड. म्हणजे या दोन शब्दांतला फरक अंतराचा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. चमकल्यापासून तीन सेकंदांनी ऐकू आला तर वीज एक किलोमीटरवर. आबांनी हे गणित कधी मांडलं नाही. ते त्यांच्या क्रियापदातच होतं.

तक्ता मात्र सांगतो, कडकडाट विजांचा आणि गडगडाट ढगांचा. वस्तू दोन, आवाज दोन. जो शब्द मुलाला अंतर सांगत होता तो आता चुकीचं विज्ञान शिकवतो. मराठवाड्यात आणि विदर्भात दर वर्षी विजेने माणसं आणि जनावरं दगावतात, बरीचशी उघड्या शेतात. आजचं हवामानशास्त्र तर सांगतं की गडगड ऐकू आली तरी तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात, कडाडण्याची वाट बघू नका. पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) या संस्थेचं 'दामिनी' अॅप विजेचा इशारा देतं, ते प्रत्येकाने वापरावंच. पण चौथीच्या वर्गात बाईंनी एवढंच विचारलं, की कडाडली तर वीज कुठे आहे आणि गडगडली तर कुठे, तर मराठीचा आणि परिसर अभ्यासाचा तास एकच होईल, आणि ते उत्तर मूल जन्मात विसरणार नाही.

माझ्या भाचीने तिसरीत असताना 'पानांची ____' या रिकाम्या जागेत 'कुरकुर' लिहिलं. लाल शाईने ते खोडून वर 'सळसळ' लिहिलेलं होतं. वही माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "मावशी, सळसळ झाडावर असताना होते. आमच्या शाळेत पानं खाली पडलीयत." दुसऱ्या दिवशी मी तिला सोडायला गेले. फाटकापासून वर्गापर्यंत बदामाच्या झाडाची मोठी, तांबडी, वाळकी पानं पसरली होती. पायाखाली ती खरोखर कुरकुरत होती, आणि एखादं काठाला वळलेलं जाड पान आलं की कर्र वाजत होतं. रस्त्यापलीकडच्या पिंपळाची सळसळ चालू होती, कारण पिंपळाच्या पानाचा देठ लांब असतो, जरा वारा आला की पान पानाला घासतं. केळीची फाटकी पानं फडफडतात. नारळाच्या झावळ्या खरखरतात. उसाच्या फडात काही हललं की खसफस होते, आणि जुन्नरकडच्या माणसाला ती ऐकताच आधी बिबट्या आठवतो. या सगळ्यांवर 'सळसळ' हे एकच उत्तर लादणं म्हणजे पोरांना सांगणं, की कान बंद करा आणि वही उघडा.

त्या बाईंना मी दोष देत नाही. उत्तरसूचीत एकच शब्द होता आणि चाळीस वह्या तपासायच्या होत्या. दोष त्या सूचीचा.

आता यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. प्रत्येकाला जे ऐकू येईल ते त्याने लिहायचं म्हटलं तर नियम काय राहिला? एकाची खडखड ती दुसऱ्याची खटखट. हे शब्द मुळातच ढिले, ज्याच्या त्याच्या कानाचे, मग त्यांना शिस्त लावायला तक्ता नको का?

हा आक्षेप घेणाऱ्यांनी तीन शब्द शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून बघावेत. किणकिण, खणखण, घणघण. यांपैकी मोठी घंटा कोणती, हे मराठी घरात वाढलेल्या पाच वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नाही. किणकिणते ती काचेची बांगडी, खणखणतं ते नाणं, घणघणते ती देवळातली घंटा. क चा ख झाला, ख चा घ झाला, इकार गेला आणि अकार आला, की वस्तूचं वजन वाढलं. टिकटिक आणि टकटक यांत तेच. एखाद्या भाषेत असा नियम सापडला की आपण त्याला व्याकरण म्हणतो.

आणि व्याकरण म्हटल्यावर प्रत्ययही आले. खणखण पासून खणखणणे, खणखणाट, खणखणीत, खणकन, खणाखणा. यांतला 'खणखणीत' बघा. चांदीचा रुपया चालत होता तेव्हा दुकानदार तो दगडी पायरीवर टाकून वाजवून घ्यायचा. खरा असला तर खणखणायचा, खोटा असला तर बद्द वाजायचा. आजही उन्हाळ्यात माठ घेताना बाई बोटाच्या पेराने तो वाजवून बघते, कारण डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर कानाला लगेच कळते. तडा गेलेला माठ बद्द बोलतो. तेव्हा 'खणखणीत' हा शब्द मुळात तपासणीचा निकाल आहे. तिथूनच तो खणखणीत आवाजात, खणखणीत उत्तरात आणि खणखणीत पुराव्यात गेला. ज्यांना हे शब्द पोरकट वाटतात त्यांनी आजच्याच वर्तमानपत्रातून 'दणदणीत विजय', 'सणसणीत टीका', 'ठणठणीत बरे', 'ढळढळीत अन्याय' काढून बघावेत. मागे काय उरतं ते वाचावं.

शाळेच्या व्याकरणात या शब्दांना जागा आहे, पण ती एका कोपऱ्यात. अभ्यस्त म्हणजे पुनरावृत्तीच्या शब्दांचे तीन प्रकार, त्यांतला तिसरा अनुकरणवाचक, तीन-चार उदाहरणं, संपलं. आपल्याच परंपरेत हा विषय एवढ्यावर कधी सुटला नव्हता. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, 'काक' या शब्दावर वाद आहे. यास्क म्हणतो, हा आवाजावरून पडलेला शब्द, पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळ असतं. औपमन्यव नावाचा आचार्य म्हणतो, आवाजावरून शब्द पडतच नाहीत; हाकलून द्यावा असा तो काक. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसं कावळ्यावरून इतकं गंभीरपणे भांडली. पाणिनीने तर ज्यातली अक्षरं वेगळी काढता येत नाहीत अशा आवाजाच्या अनुकरणाला 'अव्यक्तानुकरण' असं नाव दिलं आणि पाचव्या अध्यायात त्यासाठी स्वतंत्र प्रत्यय सांगितला. टीकाकार त्याचं उदाहरण देतात 'पटपटा करोति'. आपण आजही मुलांना सांगतो, पटपटा कर. अर्थ आवाजाकडून वेगाकडे सरकला, पण साचा तोच आहे.

विसाव्या शतकात सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाची १९१६ साली पुस्तकरूपाने आलेली व्याख्यानं भाषाशास्त्राचा पाया ठरली, आणि त्यांत असं मांडलं होतं की अनुकरणवाचक शब्द संख्येने थोडे असतात आणि भाषेच्या व्यवस्थेचा अंगभूत भाग नसतात. फ्रेंचपुरतं ते असेल. मराठीला ते लागू करायचं तर 'थोडे' हाच शब्द आधी अडतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला. त्याचं कुठलंही पान उघडा आणि व्युत्पत्तीच्या कंसात 'ध्व.' (ध्वनीवरून आलेला) ही खूण शोधा. ख, घ, झ, ट, ठ, फ या अक्षरांत तर ती खूण पुन्हा पुन्हा भेटते. १९६९ मध्ये मरे एमेनो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की अनुकरणवाचक शब्दांची ही दुहेरी घडण भारतातल्या आर्य आणि द्राविड या दोन्ही कुळांत सारखी आढळते, इतकी की भारत हे एक भाषिक क्षेत्र, म्हणजे वेगळ्या कुळांतल्या भाषांनी शेजारामुळे एकमेकींच्या लकबी घेतलेला प्रदेश, असल्याचा तो एक पुरावा ठरतो. म्हणजे हे शब्द बोलताना आपण कानडी, तेलुगू, तमिळ शेजाऱ्यांशी सामायिक असलेल्या वारशातून बोलत असतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा शिलालेखांची आणि गाथांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण स्वयंपाकघरात आणि गोठ्यात रोज जिवंत असलेल्या या जुनेपणाबद्दल फार कुणी बोललं नाही, याची मला खंत आहे.

तक्त्यातली एक जोडी मला नेहमी अडवते: तारकांचा चमचमाट. ध्वनिदर्शक शब्दांच्या यादीत ती हमखास असते, आणि चांदण्या तर आवाज करत नाहीत! ती चूक म्हणून काढून टाकली तर पुढचा सगळा खजिना हातचा जाईल. कारण मराठीने आवाजाचा साचा घेऊन त्यात प्रकाश ओतला (लुकलुक, मिणमिण, लखलख, झगमग), स्पर्श ओतला (गुळगुळीत, खरखरीत, बुळबुळीत, लुसलुशीत), चव आणि वासही ओतला (झणझणीत, मिळमिळीत, घमघमाट). मिणमिणता दिवा आणि लखलखता दिवा यांतला फरक कुठल्याही विशेषणाने इतक्या थोडक्यात सांगता येत नाही. हे मुलांना सांगितलं तर त्यांना केवढी गंमत वाटेल. आपण त्यांना सांगतो, जोड्या लावा.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. घरात, गाण्यात, गोष्टीत हे शब्द ठीक. पण शास्त्राची, कारभाराची भाषा नेमकी हवी, तिथे त्यांचं काय काम? मला नेमकेपणासाठीच ते हवे आहेत. पाऊस घ्या. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, त्यापुढे २०४.४ पर्यंत अति जोरदार. हे आकडे हवेतच. पण ६५ मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिप पडला तर जमिनीत मुरतो, आणि तोच ६५ मिलिमीटर दीड तासात धो धो कोसळला तर बांध फोडून वरची माती घेऊन ओढ्याला जातो. पर्जन्यमापकात दोन्ही दिवशी आकडा एकच. शेतकऱ्याच्या तोंडात मात्र भुरभुर, रिमझिम, रिपरिप, सरसर, धो धो असे वेगळे शब्द, आणि प्रत्येकाचा पेरणीशी वेगळा संबंध. किती पडला ते मिलिमीटर सांगतं, कसा पडला ते हा शब्द सांगतो. पीकपाहणीच्या, पंचनाम्याच्या कागदावर दोन्ही लिहायला काय हरकत आहे?

आणि सरकारी भाषेला हे जमत नाही असंही नाही. 'सोसाट्याचा वारा' हवामानाच्या बातमीपत्रात आकड्यांच्या शेजारी रोज सन्मानाने बसतो, आणि ऐकणाऱ्याला पत्रा उडेल का याचा अंदाज येतो. त्याहून चांगलं उदाहरण ठिबक सिंचनाचं. थेंब थेंब पडण्याचा हा साधा शब्द कुणीतरी तांत्रिक संज्ञेत आणला, आणि आज जळगावच्या केळीवाल्यापासून सोलापूरच्या डाळिंबवाल्यापर्यंत सगळे नुसतं 'ठिबक' म्हणतात. अनुदानाच्या अर्जावर तोच शब्द, दुकानाच्या पाटीवर तोच. समजावून सांगावा न लागणारा पारिभाषिक शब्द आणखी कसा असतो? तबल्याच्या शिक्षणात तर कितीतरी पिढ्या हेच चाललं आहे. धा म्हणजे दोन्ही हात, तिरकिट म्हणजे बोटांचा ठरलेला क्रम. शिष्य आधी तोंडाने बोल म्हणतो, मग हात ठेवतो. तिथे नादाचा शब्द हाच मुळी लेखी नियम आहे आणि त्यात तसूभर ढिलाई चालत नाही.

या शब्दांचं खरं काम मला कळलं ते एका संध्याकाळी, फोनवर. नोकरीसाठी पुण्यात खोली घेऊन राहिले होते आणि पहिल्यांदाच एकटीने पिठलं करत होते. आई गावाकडून सांगत होती. "मोहरी तडतडली का?" तडतडली. "आता पाणी ओत." ओतलं, आणि विचारलं की पीठ कधी पेरू. ती म्हणाली, "फोन कढईजवळ धर." मी धरला. दीडशे-दोनशे किलोमीटरवरून तिने ऐकलं आणि म्हणाली, "अजून नुसतं सूं सूं करतंय. खळखळू दे, मग पेर." पीठ पेरून घोटल्यावर पुन्हा फोन कढईजवळ. "आता खदखदायला लागलं. झाकण ठेव, आच कमी कर." तिला कढई दिसत नव्हती, घड्याळ तिने विचारलं नाही, तापमान तर तिला ठाऊकच नव्हतं. पातळ पाणी उकळतं तेव्हा बुडबुडे पटापट फुटतात आणि खळखळ होते; पीठ शिजून घट्ट झालं की तोच बुडबुडा वर यायला वेळ घेतो, जड होऊन फुटतो आणि खदखद होते. दाटपणा मोजायचं हे माप आहे. मराठीत पाककृती लिहिणारी प्रत्येक बाई ते बिनधास्त वापरते, कारण वाचणारीची फोडणी करपू नये ही तिची जबाबदारी असते.

ही जबाबदारी ज्यांच्यावर सगळ्यांत जास्त आहे त्यांनीच हे शब्द टाकून दिले, असं मला आत्याच्या आजारपणात दिसलं. तिच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला होता, पाय सुजला होता. आम्ही तिला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात आणलं. तपासणारा डॉक्टर तरुण, मराठीच होता. "आजी, दुखतंय?" "दुखत नाही रं बाबा, ठसठसतंय." "म्हणजे दुखतंयच ना." आणि त्याने केसपेपरवर इंग्रजीत 'वेदना' एवढा एक शब्द लिहिला. गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलायला आलेल्या सिस्टरने विचारलं, "आजी, अजून ठसठसतंय, का आता नुसतं हुळहुळतंय?" आत्या म्हणाली, "ठसठसतंय की. नाडीबरोबर उडतंय बघ." सिस्टरने बोटाने दाबून बघितलं आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. आत पू धरला होता. संध्याकाळी तो काढला.

तपासण्यांतून ते पुढेमागे कळलंच असतं, आणि डॉक्टरही निष्काळजी नव्हता. तो मराठी बोलत होता, पण आजाराविषयी विचार इंग्रजीत करत होता, आणि 'ठसठस' हे त्याला खेडवळ बोलणं वाटलं, माहिती वाटली नाही. ठसठस म्हणजे नाडीच्या ठोक्यासरशी उठणारी कळ. ठणका खोल आणि अखंड, दाताचा असतो तसा. सणक एकदम येते आणि जाते. चुरचुर वरवरची, खरचटल्यावर होते ती. हुळहुळतं ते नुसत्या कापडाच्या स्पर्शाने. घसा खवखवतो, पोट गुडगुडतं, डोकं भणभणतं, अंगात कणकण असते, हातापायांना झिणझिण्या येतात. यांतल्या बहुतेकांना कानाने ऐकू येईल असा आवाज नाहीच. चमचमाटासारखंच, साचा आवाजाचा आणि आत शरीर. मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजायची प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती जगभर वापरली जाते. त्यात रुग्णापुढे ७८ शब्द २० गटांत ठेवलेले असतात आणि त्याने आपल्या वेदनेचा शब्द निवडायचा असतो. ठसठसणं, सणक, चुरचुर, जळजळ यांना जवळचे इंग्रजी शब्द त्यात आहेत. जगाने जे प्रश्नावली बनवून मिळवलं ते आमची आत्या न विचारता देत होती. वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णाशी मराठीत बोलायला शिकवताना 'तुमचं नाव काय, किती दिवसांपासून दुखतंय' यापुढे जाऊन हे शब्द शिकवावेत, आणि केसपेपरवर रुग्णाचा शब्द देवनागरीत जसाच्या तसा लिहावा. डॉक्टरांची स्वतःची भाषा तरी कुठे वेगळी आहे? श्वासाबरोबर छातीत वाजणाऱ्या शिट्टीला ते 'व्हीज' म्हणतात, तो शब्द तिच्या आवाजावरूनच पडला आहे.

आणखी एक जागा आहे जिथे हे शब्द तातडीने हवेत, ती म्हणजे पडद्याच्या तळाशी. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी कार्यक्रमांना उपशीर्षकं द्यावीत, ही अपेक्षा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटगृहांतल्या चित्रपटांसाठीही सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मराठीत हे काम आता वाढणार आहे. त्यात 'दरवाज्याचा आवाज' असं लिहून भागवू नये. दार करकरलं तर कुणी चोरपावलाने आलं. धाडकन आपटलं तर कुणी रागाने गेलं. खडखडलं तर बाहेर वारा आहे, किंवा कुणी कडी काढायचा प्रयत्न करतंय. तीन वेगळे प्रसंग, आणि तिन्हीकडे 'दरवाज्याचा आवाज' लिहिणं म्हणजे प्रेक्षकाला कथेच्या बाहेर उभं करणं. कुणी म्हणेल, ज्याने कधी ऐकलंच नाही त्याला करकर काय कळणार? उतारवयात ऐकणं गेलेल्या माणसाला तो शब्द वाचताच नाद आठवतो. आणि बाकीच्यांनाही 'धाडकन' मधला जोर आणि 'करकरत' मधली संथपणाची ओढ कळते, कारण मराठीत हे शब्द नुसत्या आवाजापुरते राहिलेलेच नाहीत.

पावशा पक्ष्याचं सांगते. उन्हाळा संपता संपता तो ओरडायला लागतो. इंग्रजांना त्यात 'ब्रेन फीव्हर' ऐकू आलं. हिंदीत तोच पक्षी 'पी कहाँ' विचारतो. आपल्या शेतकऱ्याला तो म्हणतो, 'पेरते व्हा, पेरते व्हा'. पक्ष्याचा गळा एकच, पण एकाला त्यात ताप ऐकू आला, एकाला विरह, एकाला पेरणी. आवाजाचा शब्द ही नुसती नक्कल असती तर तिन्हीकडे तो एकच झाला असता. आवाज घेऊन भाषा त्यात आपलं जगणं मिसळते, आणि म्हणूनच उत्तरसूचीत एकच बरोबर उत्तर असू शकत नाही. मोट गेली, तिच्या चाकाची कुईकुई गेली. जात्याची घरघर बहुतेक घरांतून गेली. ते शब्द कोशात जपावेत. पण टेबलावर उलटा ठेवलेला मोबाइल थरथरून सरकतो तेव्हा भाची म्हणते, "मावशी, तुझा फोन घुर्रघुर्र करतोय." कुणी शिकवलं नव्हतं तिला. नवा शब्द घडवायचा कारखाना तिच्या कानात सुरू आहे आणि तो मराठी नियमांनीच चालतो: घ घेतला, कारण आवाज जड आहे, र लांबवला, कारण तो थरथरता आहे.

वर्गात काय करायचं हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. मुलांनी दोन मिनिटं डोळे मिटून बसावं, जे ऐकू येईल ते लिहावं, आणि मग एकमेकांच्या वहीतला शब्द वाचून तो कशाचा आवाज असेल ते ओळखावं. ओळखता आला तर शब्द चांगला. गावाकडचं पोर 'धाडदिशी' म्हणेल, शहरातलं 'धाडकन', दोन्ही फळ्यावर लिहावेत. साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही. परीक्षेत प्रश्न विचारायचाच असेल तर असा विचारावा: मिक्सर घरघरतोय आणि मिक्सर खडखडतोय, यांपैकी कधी बंद कराल आणि का? माठ बद्द वाजला तर विकत घ्याल का? याला चार पर्याय लागत नाहीत, दोन ओळी लागतात, आणि त्या तपासायला शिक्षकाला थोडा अधिक वेळ लागतो. तो वेळ त्याला मिळवून देणं हे परीक्षा घेणाऱ्यांचं काम आहे.

आणि रिकाम्या जागा भरायच्याच असतील, तर निदान उत्तरसूचीत एक सूचना छापावी. 'पानांची' पुढे सळसळ लिहिणाऱ्याला गुण द्या. कुरकुर, खसफस, फडफड लिहिणाऱ्याला विचारा, कुठली पानं होती?